एचएस कोड कुठे शोधायचा? ॲप, कुरिअर, सीएचए आणि फुकटच्या साइट्स, सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

"दादा, तेवढा कांदा-लसूण मसाल्याचा एचएस कोड टाक ना" असा मेसेज मला आता इतक्या जणांकडून येतो की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू आणि पुढच्याला हेच पाठवू. आमचं कराडजवळ छोटं मसाल्याचं युनिट आहे, माल वहिनी आणि काकू बघतात, कागद मी बघतो. कांदा-लसूण, गोडा, हळद, मिरची पावडर आणि थोडं मेतकूट, दुबई, लंडन आणि न्यू जर्सीला जातं, तेही फुल कंटेनर वगैरे नाही हं, एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालात आपले चार खोके. तर या कोडच्या नादात मी एक मोबाइल ॲप, एक कुरिअर कंपनी, दोन सीएचए (कस्टम्समधून माल सोडवून देणारे एजंट) आणि परदेशी सरकारांच्या फुकटच्या साइट्स एवढं सगळं पालथं घातलंय. ज्यांनी ताप दिला त्यांची नावं लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. जगातली प्रत्येक विकायची वस्तू, घोड्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत, एका सहा आकडी नंबरात बसवलेली आहे, त्याला हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणजे एचएस म्हणतात. ती सांभाळते ब्रुसेल्सची वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशन, करार १९८३ चा, लागू झाली १ जानेवारी १९८८ पासून, आणि दोनशेच्या वर देश-प्रदेश ती वापरतात. पहिले दोन आकडे चॅप्टर, चार झाले की हेडिंग, सहा झाले की सबहेडिंग. इथपर्यंत सगळीकडे सारखं, त्यापुढे ज्याचं त्याचं, आपण आठ आकडे करतो, अमेरिका दहा करते. जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन लिहिता तो याच झाडाचा, पाच कोटींपर्यंत टर्नओव्हर असेल तर तिथे चार आकड्यांवर भागतं म्हणून आपल्याला वाटतं एवढंच असतं, आणि मग शिपिंग बिल (माल बाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायचा कागद) करायला गेलं की आठ आकडे मागतात आणि धावपळ सुरू.

आता ॲप. वर्षाची वर्गणी घेतात, जाहिरात अशी की फोटो टाका, कोड मिळवा, वर एआय वगैरे. हळदीला त्याने बरोबर ०९१०.३० दिलं, पण हळदीला कुणीही देईल हो, हळदीचं नावच तिथे लिहिलेलं आहे. मिरची पावडरला दिलं ०९०४.२०. हा कोड २०१२ च्या बदलात मोडला, तेव्हापासून अख्खी सुकी मिरची ०९०४.२१ आणि कुटलेली-दळलेली ०९०४.२२ असं वेगळं झालंय, म्हणजे या लोकांनी कुठली तरी जुनी यादी उचलून त्यावर रंगरंगोटी केली आहे. मेतकुटाचा फोटो टाकला तर मोहरीची पूड म्हणून सांगितलं. पिवळं दिसलं, पूड दिसली, झालं. त्यात डाळ आहे, तांदूळ-गहू आहे, भाजलेलं आहे, हे फोटोत दिसणार कसं, आणि ॲप विचारतच नाही. कांदा-लसूण मसाल्याला तर तीन कोड दिले, प्रत्येकापुढे टक्केवारी, ८२ टक्के खात्री, ७९ टक्के खात्री, असलं. खात्री कशावरून ते कुठेच नाही. कस्टम्सच्या अप्रेझरने, म्हणजे कोड तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, विचारलं हा कोड का लावला, तर त्याला काय ८२ टक्के दाखवायचे? पाचपैकी एक स्टार, तो पण हळदीचा.

कुरिअर कंपनीचं वेगळंच. दिवाळीला फराळाचे बॉक्स पाठवतात लोक, चिवडा, बेसनाचे लाडू, सोबत दोन पणत्या, उटण्याचं पाकीट, आम्ही पण एका गिऱ्हाइकासाठी असे बॉक्स केले होते. काउंटरवरच्या पोराने सगळ्या बॉक्सला मिळून एकच कोड ठोकला, २१०६.९०, म्हणजे इतरत्र न सांगितलेले खाद्यपदार्थ. मी म्हटलं अरे बाबा पणती खायची का? तर म्हणे, "सर, सिस्टीममध्ये हॅम्पर म्हणून हाच येतो." लंडनला बॉक्स अडकला, तिथल्या माणसाने प्रत्येक वस्तूची वेगळी यादी मागितली आणि ती बरोबरच होती त्याची मागणी. एका खोक्यात भरलं म्हणून कस्टम्ससाठी ते एक सेट होत नाही. सेट व्हायला त्या वस्तू एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पाहिजेत. एचएसच्या एक्सप्लेनेटरी नोट्समध्ये (यादीचा अधिकृत खुलासा) याचं झकास उदाहरण आहे, कच्ची स्पॅगेटी, किसलेलं चीज आणि टोमॅटो सॉस एका पुड्यात असेल तर तो सेट, कारण तिघांचं मिळून एक जेवण होतं, आणि सगळा पुडा जातो स्पॅगेटीच्या कोडमध्ये. पण दारूची एक बाटली आणि वाइनची एक बाटली एका गिफ्ट बॉक्समध्ये घातली तर ते सेट नाही, दोघांचे दोन कोड. आपल्या फराळाच्या बॉक्सचं दुसऱ्यासारखं होतं. लाडू लाडवाच्या जागी, पणती पणतीच्या जागी, उटणं कॉस्मेटिकच्या चॅप्टरात. कुरिअरवाल्यांची डिलिव्हरी फास्ट आहे, पॅकिंग पण चांगलं करतात, पण कोडच्या बाबतीत त्यांच्यावर सोडू नका, इनव्हॉइसवर आयटमप्रमाणे तुम्हीच लिहून द्या.

पहिला सीएचए (आता कायद्यात कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण बंदरावर अजून सगळे सीएचएच म्हणतात) माणूस गोड, फोन पहिल्या रिंगला उचलणार, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "मागच्या पार्टीने हाच लावला होता, काही प्रॉब्लेम नाही आला." अहो पण मागच्या पार्टीचा मसाला वेगळा! त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसरे सीएचए मात्र, काय सांगू. पनवेलचं ऑफिस, जिन्यावरून फायली सरकवत वर जावं लागतं, एसी बंद, चहा तेवढा चांगला. गृहस्थ साठीच्या आसपासचे. आम्ही पाकिटं समोर ठेवली तर त्यांनी नावाकडे बघितलंच नाही, पाकीट उलटं केलं आणि मागचे घटक वाचायला लागले. मग म्हणाले, "ताई, टक्क्यांत द्या." काकू सोबत होत्या, त्यांना आधी कळलंच नाही काय मागतायत, आणि कळल्यावर त्या जरा तडकल्याच, "अजून सुनेला सांगितलं नाही मी प्रमाण, तुम्हाला कसं सांगू?" ते हसले, म्हणाले, "सगळं नका सांगू, एवढंच सांगा की शंभर ग्रॅममध्ये मिरची-धणे-जिरे किती, आणि मिरची-मसाला सोडून बाकीचं, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मीठ, तेल, ते किती." काकूंनी शेवटी कागदावर लिहून दिलं, माझ्याकडे पाठ करून.

आणि मग त्यांनी टॅरिफचं, म्हणजे कोड आणि ड्युटीच्या दरांचं, जाडं पुस्तक काढून चॅप्टर ९ च्या सुरुवातीची टीप वाचून दाखवली, आणि मला तिथे पहिल्यांदा कळलं की खरा खेळ या टिपांमध्ये आहे, कोडच्या यादीत नाहीच. टीप साधारण अशी. ०९०४ ते ०९१० या मसाल्यांच्या हेडिंगमधले, एकाच हेडिंगमधले मसाले एकमेकांत मिसळले तर मिश्रण त्याच हेडिंगमध्ये राहतं. वेगवेगळ्या हेडिंगमधले मिसळले, म्हणजे ०९०४ ची मिरची, ०९०९ चे धणे-जिरे, ०९०७ ची लवंग, तर ते ०९१० मध्ये जातं. त्यात दुसरं काही घातलं तरी चालतं, पण कुठपर्यंत, तर मिश्रणाचा मूळ स्वभाव मसाल्याचा राहतोय तोपर्यंत. तो बदलला की चॅप्टर ९ मधून बाहेर, आणि जेवणाला चव आणणारं मिश्रण असेल तर २१०३, सॉस आणि मिक्स्ड सीझनिंगच्या रांगेत. म्हणजे गोड्या मसाल्यात चिमूटभर खोबरं आणि तीळ असेल तर तो मसालाच, आमचा त्यांनी ०९१०.९१ मध्ये बसवला. पण कांदा-लसूण मसाल्यात आमच्याकडे कांदा, लसूण, खोबरं, मीठ, तेल हे मिळून मिरची-मसाल्यापेक्षा जास्त निघालं (काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता, त्यांना वाटत होतं आपला मसाला सगळ्यात कडक), त्यामुळे तो २१०३.९०. एकाच भट्टीतले, एकाच बाईने केलेले दोन मसाले आणि दोन वेगळे चॅप्टर.

यात फरक काय पडतो असं विचाराल. न्यू जर्सीला पाठवताना अमेरिकेच्या टॅरिफमध्ये मसाल्यांच्या मिश्रणाचा मूळ दर १.९ टक्के आणि सीझनिंगचा ६.४ टक्के, वरचे जादाचे टॅरिफ जे काय असतील ते वेगळे. तिकडचा इंपोर्टर आपल्याच इनव्हॉइसवरचा कोड बघून सुरुवात करतो, नंतर फरक निघाला की त्याच्याकडून वसुली आणि आपल्याला शिव्या. इकडे रोडटेपचा (निर्यातीच्या मालावरचे कर परत देणारी सरकारी योजना) परतावा पण आठ आकडी कोडवरच ठरतो.

फी म्हणाल तर तीन प्रॉडक्टचे मिळून साडेचार हजार अधिक जीएसटी. दिलं काय तर प्रत्येक प्रॉडक्टचं एकेक पान, वर कोड, खाली कुठल्या टिपेमुळे, दुसरा कुठला कोड लागू शकला असता आणि तो का लावला नाही. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. न्यू जर्सीच्या इंपोर्टरने शंका काढली तेव्हा मी ते पानच इंग्रजीत करून पाठवलं, विषय संपला. उणी बाजू म्हणजे वेळ लागतो, आठवडा गेला, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात पण उत्तर येत नाही, आणि मेतकूट त्यांनी हातात घेतलं नाही, म्हणाले आधी लॅबमधून घटक काढून आणा. तरी साडेचार स्टार. नाव हवं असेल तर मेसेज करा, त्यांना जाहिरात नकोय.

आता फुकटचं. ज्यांना साडेचार हजार पण जड आहेत (आम्ही पण त्यातलेच होतो) त्यांच्यासाठी माझा सगळ्यात आवडता खजिना म्हणजे अमेरिकन कस्टम्सची क्रॉस नावाची साइट. तिथे त्यांनी आजवर दिलेले रुलिंग ठेवलेत, दोन लाखांच्या वर, लॉगिन नाही, पैसे नाहीत. कुणीतरी पत्र लिहून विचारलेलं असतं की माझी ही वस्तू कशात बसते, आणि अधिकाऱ्याने उत्तर दिलेलं असतं. खाण्याच्या वस्तूंची उत्तरं वाचाच, त्यात घटकांची टक्केवारी लिहिलेली असते, अमुक इतके टक्के मिरची, इतके टक्के मीठ, किती ग्रॅमचं पाकीट, दुकानात विकायचं की हॉटेलात, आणि मग कोड. शोधताना नुसतं प्रॉडक्टचं नाव टाकू नका, त्यात काय काय आहे ते टाका आणि सोबत इंडिया टाका, आपल्याकडच्या पदार्थांचे रुलिंग निघतात. एक सांभाळा, काही रुलिंग नंतर रद्द झालेले असतात, ते तसं तिथे लिहिलेलं असतं, पण गडबडीत नजरेतून सुटतं. आणि जुन्या रुलिंगमधला ड्युटीचा दर धरू नका, फक्त कारण बघा. शिवाय ते अमेरिकेचे निकाल आहेत, आपल्या अधिकाऱ्याला बांधील नाहीत. पण सहा आकड्यांपर्यंत झाड एकच असल्यामुळे डोकं कसं चालवायचं ते कळतं.

रात्री झोप येत नसेल तर करमणूक म्हणून पण बेस्ट आहे हे क्षेत्र. एक्स-मेनच्या, म्हणजे कॉमिकमधल्या अचाट शक्तीच्या हिरोंच्या, बाहुल्यांची केस माहितीये का? टॉय बिझ नावाच्या कंपनीने अमेरिकेच्या कोर्टात भांडून सांगितलं की आमचे हे एक्स-मेन माणसं नाहीतच, म्हणून त्या बाहुल्या नव्हेत, इतर खेळणी आहेत. कारण बाहुलीवर १२ टक्के आणि खेळण्यावर ६.८. २००३ मध्ये कोर्टाने मान्य केलं. कॉमिक वाचणाऱ्या पोरांना वाईट वाटलं म्हणतात, सगळी गोष्टच एक्स-मेनच्या माणूसपणाची आणि निर्माती कंपनीच कोर्टात सांगते माणसं नाहीत. फोर्डने तर तुर्कस्तानातून गाड्या आणताना मागे सीटा लावून आणल्या, प्रवासी गाडी म्हणून अडीच टक्के ड्युटी भरली, आणि बंदरावर उतरल्यावर सीटा काढून मालवाहू व्हॅन म्हणून विकल्या, जिच्यावर २५ टक्के होती. २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं.

आपल्याकडचं खोबरेल तेलाचं प्रकरण तर घराघरातलं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल, ते खायचं तेल की केसांचं? खायचं असेल तर १५१३, केसांचं असेल तर ३३०५, आणि करात मोठा फरक. सगळ्यांना माहितीये आपण ते कशाला आणतो, पण प्रश्न तो नव्हताच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, मग तिघांच्या खंडपीठाकडे गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल होत नाही, बाटलीवर तसं लिहिलेलं, तसं विकलेलं असायला पाहिजे. मला यातून आपल्या कामाचं मिळालं ते असं की पाकिटावर काय छापता ते जपून छापा. आम्ही आमच्या हळदीच्या पाकिटावर "चेहऱ्यालाही उत्तम" असं छापणार होतो, वहिनींनी डिझाइन पण करून आणलं होतं, ते थांबवलं.

इंग्लंडच्या सरकारची ट्रेड टॅरिफ साइट पण चांगली आहे, फुकट आहे, मोबाइलवर नीट उघडते. कोडवर क्लिक केलं की भारतातून आलं तर ड्युटी किती, व्हॅट किती, कुठले कागद लागतील, सगळं एका पानावर, आणि चॅप्टरच्या टिपा तिथेच बाजूला. लंडनच्या गिऱ्हाइकाला मी आता थेट तिथलाच स्क्रीनशॉट पाठवतो. वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनच्या ट्रेड टूल्सवर सहा आकडी यादी आणि टिपा फुकट आहेत, पण एक्सप्लेनेटरी नोट्स, ती स्पॅगेटीची उदाहरणं वगैरे, त्याला वर्गणी. आपल्यासारख्या छोट्याने घ्यायची गरज नाही, सीएचएकडे असते.

आणि ज्यांचं काम मोठं आहे, विशेषतः इंपोर्टवाले, त्यांनी ॲडव्हान्स रुलिंग, म्हणजे माल आणायच्या आधीच कोडवर मिळणारा लेखी निकाल, बघा. मुंबई आणि दिल्ली दोन ठिकाणी प्राधिकरण आहे, २०२१ पासून चालू, अर्जाची फी दहा हजार, तीन महिन्यांत निकाल द्यायचा असा नियम, आणि निकाल तीन वर्षं टिकतो, तोही फक्त अर्ज करणाऱ्यापुरता. माझी काही ती ऐपत नाही, गरजही नाही, पण तिथले निकाल वाचायला फुकट आहेत. सुपारीचे वाचा. उकडलेली, भाजलेली, कातरलेली, रंग लावलेली, प्रत्येक जण येऊन म्हणतो माझी सुपारी आता सुपारी राहिली नाही, कारण सुपारीच्या ०८०२ मध्ये १०० टक्के ड्युटी आणि वर किलोला ३५१ रुपयांची किमान किंमत. भाजली तर २००८, चूर्ण-मसाला करून डबीत भरली तर २१०६, असं प्रत्येकाचं म्हणणं. श्रीवर्धनच्या आमच्या पाहुण्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आम्ही नुसती सोलून वाळवतो, आमचं कशात?" म्हटलं तुमचं ०८०२, तुम्ही निवांत.

मग शेवटी घ्यायचं काय? माझं सरळ मत, ज्या सेवेने कोडसोबत कारण दिलं नाही तिला एक रुपया देऊ नका, मग ती ॲप असो नाहीतर बंदरावर तीस वर्षं काढलेला माणूस असो. एकच साधी वस्तू असेल, हळद, मिरची, बेदाणे, तर स्वतः इंग्लंडच्या साइटवर बघा, टिपा वाचा, झालं. मिश्रण असेल, दोन-तीन गोष्टी एका खोक्यात असतील, खायचं आणि लावायचं दोन्ही असेल, तर क्रॉसवर संध्याकाळ घालवा आणि मग सीएचएकडे जा, जाताना टक्केवारी लिहून न्या. आणि मला मेसेज करून "तुझा कोड दे" म्हणू नका राव, तुमच्या आईने लसूण किती घातलाय ते मला काय माहीत.

हो, एक राहिलंच. ही यादी दर पाच-सहा वर्षांनी बदलते, आत्ता २०२२ ची चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्यामुळे पाकिटांची फार मोठी छपाई करताना खोक्यावर कोड छापू नका, स्टिकर लावा. मेतकुटाचे घटक लॅबला गेलेत, रिपोर्ट आला की खाली टाकतो.